फ्राऊ ओबरलेंची पोटभाडेकरू

कार्ल्सरूहे,
नोव्हेंबरातला एक रविवार (कोणता ते पाहायला उठावं लागेल)

आदरणीय रामदासदादा यांस,

विशाखाचा सविनय जयभीम. गयावहिनींनाही जयभीम सांगावा, आणि त्यांच्या गुडघ्याला माझ्या गुडघ्याकडून वेगळा. (आपल्या घरात सुनांचे गुडघे दुखतात आणि लेकींचेही. पुरुषांचे दुखत नाहीत, कारण ते फारसे उठतच नाहीत. हे तुम्हाला उद्देशून नाही.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? नवी कवळी तोंडात बसली का, की अजून ती वाटीत आणि तुम्ही मऊ भातावर, असंच चाललं आहे? कूलर गच्चीवर झाकून ठेवलात ना? मागच्या वर्षी त्यात मांजर व्याली होती. इकडे सर्व ठीक, म्हणजे गेले पंधरा दिवस सूर्य दिसलेला नाही, दुपारी चारला दिवे लावावे लागतात आणि ट्राममध्ये सगळे जण मयताहून परतल्यासारखे बसलेले असतात. मीही त्यांच्यात आता बेमालूम मिसळते.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "काय विशू, निघाली का तुझी म्हातारी? गेलीस का राहायला?" आणि मी "आवाज तुटतोय, दादा" म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. पण ही हकीकत फोनवर सांगण्यासारखी नाही. फोनवर तुम्ही मधेच हसला असता, किंवा मधेच ओरडला असता, आणि दोन्ही मला सोसलं नसतं. पत्रात माणसाला शेवटपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा कृपा करून वहिनींकडून चष्मा मागून घ्या, आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला नावं न ठेवता वाचा.

तुम्हाला आठवत असेल, यशपाल गेले त्या वर्षी तुम्हीच मला हा मार्ग दाखवला होतात. आम्ही भाड्याच्या घरात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांच्या इन्स्टिट्यूटजवळ म्हणून घेतलेलं घर, दोघं असताना जिने चढता चढता गप्पा व्हायच्या. एकटीला ते जिने मोजता येतात, आणि मोजायला लागलं की जास्त होतात. तुम्ही म्हणालात, विम्याचे पैसे बँकेत कुजवू नकोस, तळमजल्यावरचा एखादा फ्लॅट घे, आज भाड्याने दे, उद्या म्हातारपणी स्वतः राहायला जा. "हप्ता भाडेकरू भरतो. आपण फक्त सही करायची आणि वाट पाहायची." तुमचं हे वाक्य मी इथल्या बँकेतल्या सल्लागाराला भाषांतर करून ऐकवलं. आमच्या दीपाच्या वयाचा मुलगा, गोरा गुलाबी, टाय लावलेला. तो म्हणाला, "गेनाऊ, फ्राऊ मेश्राम, गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. इतक्या आनंदाने माझ्याशी त्या वर्षात कोणी बोललं नव्हतं. मग त्याने कॉम्प्युटरवर शेवटच्या हप्त्याचं साल काढलं, माझं जन्मसाल पाहिलं, पुन्हा हप्त्याचं साल पाहिलं, आणि त्याचा गुलाबी रंग जरा उतरला. "आल्झो," (म्हणजे बरं तर) तो म्हणाला, "आजकाल लोक खूप जगतात." कर्ज देण्यापूर्वी बँक आपल्याला दीर्घायुष्य चिंतते, हे मला नवीन होतं. आशीर्वाद म्हणून घेतलं आणि सही केली.

फ्लॅट दुर्लाखला मिळाला. शहराला चिकटलेलं जुनं गाव, ट्राम दारात, मागे बाग, बागेत अक्रोडाचं झाड. स्वस्त मिळाला, कारण आत भाडेकरू होती. इथे रिकाम्या घरापेक्षा माणसासकटचं घर स्वस्त असतं, आपल्याकडच्यासारखंच. फ्राऊ ओबरले, वय ब्याऐंशी, चाळीसहून जास्त वर्षं त्याच घरात, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही उत्साहाने म्हणालात, "ब्याऐंशी? घेऊन टाक, विशू! आता अशी किती..." आणि मागून वहिनींचा आवाज आला, "अहो!" तुमचं वाक्य तिथेच अर्धं राहिलं. पण दादा, ते अर्धं वाक्य मी पूर्ण केलं मनातल्या मनात, आणि तशीच सही करून आले. एका बाईच्या जाण्याची वाट पाहण्यासाठी मी बँकेकडून कर्ज काढलं होतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर अशा विचारासाठी त्यांनी मला शिवणाच्या तासाला अख्खी दुपार उभं केलं असतं.

घरमालकीण झाल्यावर माझी पहिली चूक म्हणजे मी नागपूरच्या घरमालकिणीसारखी वागले. आपल्याकडे कसं, मालकीण डबा घेऊन जाते, "काय चाललंय" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरते, नळ उघडून पाहते, भिंतीवरच्या खिळ्यांना नावं ठेवते आणि चहा पिऊन येते. मी बेसनाचे लाडू केले, नेसायला नारायणपेठी काढली आणि फ्राऊ ओबरलेंची बेल वाजवली. दार साखळीइतकंच उघडलं. फटीतून एक निळा डोळा दिसला. मी कोण, ते सांगितलं. डोळ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हाबेन झी आइनेन टेर्मिन?" तुमची वेळ ठरली आहे का? ठरली नव्हती. दार बंद झालं. मी माझ्या मालकीच्या दारासमोर माझे लाडू घेऊन उभी राहिले, आणि दादा, मला आपलं अजनीचं रेल्वे क्वार्टर आठवलं. दीक्षाभूमीच्या दिवसांत आपल्याकडे उतरायला येणारी माणसं आठवतात का? कुठल्या कुठल्या गावांहून आलेली, ना ओळख ना पाळख, ओट्यापासून मोरीपर्यंत झोपलेली. त्या दिवसांत घर कोणाचं हे आपलं आपल्यालाच ठरवता यायचं नाही. तुम्ही तुमची खाट एका आजोबांना देऊन गच्चीवर झोपायला गेलात, आणि ते आजोबा चार दिवस "आपली खाट, आपली खाट" म्हणत राहिले. तिथली मी, आणि मला माझ्याच घरात जायला टेर्मिन.

टेर्मिन पुढच्या आठवड्यातला मिळाला. बाई उंच, काटक, केस कापसासारखे, रुमालाला इस्त्री. थेट सिस्टर बेनेडिक्टा, फक्त क्रूसाच्या जागी गळ्यात चष्म्याची साखळी. लाडू त्यांनी सुरीने चार समान भागांत कापला, एक भाग खाल्ला आणि म्हणाल्या, "भरीव आहे." मग माझ्यासमोर घरातल्या गोष्टी मांडल्या. न्हाणीघराची खिडकी लागत नाही, तळघराला ओल आहे, आणि हीटिंग दर हिवाळ्यात दगा देतं. मला वाटलं, गप्पा मारताहेत. त्या तक्रार नोंदवत होत्या. जानेवारीत हीटिंग खरोखरच बसलं, कारागीर दहा दिवस मिळाला नाही, आणि तेवढ्या दिवसांचं भाडं बाईंनी कायद्याने कापून घेतलं. वर एक चिठ्ठी: "आपल्याला थंडी वाजत नसेल अशी आशा करते." मी चौथ्या मजल्यावर शाल घेऊन बसले होते आणि हप्ता मीच भरत होते. तुमच्या सिद्धांतातलं सही करण्याचं काम तेवढं बरोबर निघालं.

इमारतीतल्या सगळ्या मालकांची वर्षातून एक सभा भरते, तीही एका बिअरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. सायकलींच्या शेडला करडा रंग द्यायचा की हिरवा, यावर अडीच तास चर्चा झाली. दोन माणसं त्यावरून आता एकमेकांशी बोलत नाहीत. मला चहा हवा होता म्हणून वेटरला हात केला. नेमकं तेव्हाच अध्यक्षांनी विचारलं होतं की यंदा सल्लागार समितीवर यायला कोण तयार आहे. टाळ्या झाल्या. गेली दोन वर्षं मी त्या समितीवर आहे. चहा आलाच नाही.

असो. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मागच्या हिवाळ्यात माझा गुडघा कायमचा बसला. भाजीची पिशवी मी दुसऱ्या मजल्यावर ठेवायची, वर जायचं, दम घ्यायचा, पुन्हा खाली यायचं. एकदा पिशवीतला फ्लॉवर तसाच पायरीवर दोन दिवस राहिला. शेजाऱ्यांनी त्यावर चिठ्ठी लावली, "हा कोणाचा?" मी ती चिठ्ठी वाचून तशीच वर गेले. आता या घरात राहता येणार नाही हे त्या फ्लॉवरने मला सांगितलं. दीपा म्हणाली, "आई, एर्लांगेनला माझ्याकडे ये." तिच्याकडे दोन खोल्या, एकीत ती दोघं, दुसरीत तनय आणि त्याचा ड्रमसेट. तुम्ही म्हणालात, नागपूरला ये, भाडेकरू गजभिये मास्तरांना वरचा मजला रिकामा करायला सांगतो, तुझ्या वाटणीचा आहे, मालक म्हणजे मालक. आणि वकील म्हणाला, आधी दुर्लाखचं घर मागा. इथे त्याला आइगनबेडार्फ म्हणतात: मालकाला स्वतःला राहायला हवं असेल तर भाडेकरूला नोटीस देता येते. पण भाडेकरू म्हातारी असेल तर ती हरकत घेते, आणि मग न्यायाधीश दोघींचं दुखणं तराजूत घालून पाहतो. माझा गुडघा विरुद्ध त्यांचं खुब्याचं हाड. माझी साखर विरुद्ध त्यांचं हृदय. वकिलाला माझी तब्येत बिघडली की उभारी यायची. एकदा मी त्याच्या ऑफिसचा जिना न थांबता चढून गेले, तर तो चक्क नाराज झाला. "फ्राऊ मेश्राम," तो म्हणाला, "कोर्टात असं करू नका." तिसऱ्या भेटीनंतर मी ट्रामच्या थांब्यावर बसून रडले. यशपाल असते तर म्हणाले असते, विशाखा, दोन म्हाताऱ्यांना एकमेकींपेक्षा जास्त आजारी असल्याचं सिद्ध करायला लावणारा कायदा माणसांनी केलेला नाही, नोव्हेंबर महिन्याने केला आहे.

नोटीस पोस्टाने पाठवायला मन होईना. टेर्मिन घेतला आणि स्वतः नेऊन दिली. फ्राऊ ओबरलेंनी भिंग लावून सगळी वाचली, नीट घडी घातली आणि विचारलं, "दूध घालता ना कॉफीत?" कॉफी झाली. मग त्यांनी विचारलं, किती मजले. मी म्हटलं, चार. त्या म्हणाल्या, "आख." एवढंच. नंतर काठी टेकत मला मागच्या खोलीकडे नेलं. तोवर त्या खोलीचं दार मी कधी उघडं पाहिलं नव्हतं. आत त्यांच्या नवऱ्याची आगगाडी होती. म्हणजे खेळण्यातली, पण खेळणं म्हणवणार नाही अशी. खोलीभर टेबल, त्यावर डोंगर, बोगदे, सिग्नल, एक स्टेशन, फलाटावर नखाएवढी माणसं सामान घेऊन उभी. नवरा रेल्वेत सिग्नलवर होता. मी म्हटलं, माझे बाबाही. त्यांनी बटण दाबलं. गाडी बोगद्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, अडकली होती. आम्ही दोघी वाकून बोगद्यात पाहत राहिलो, एकीचा गुडघा, एकीचा खुबा. ती नोटीस तिकडे साखरदाणीखाली पडलेली होती.

त्यानंतर पाच आठवड्यांनी एक जाड पाकीट आलं. वरचं पत्र भाडेकरू संघटनेचं, अत्यंत करारी. बाईंचे सगळे आजार त्यात लॅटिनमध्ये, वाचूनच माझी साखर वाढली. त्याखाली त्यांच्या हातचं एक पत्र, इस्त्री केल्यासारख्या अक्षरात. "सन्माननीय घरमालकीणबाई, कायद्याने मला एक खोली पोटभाड्याने द्यायची असल्यास आपली परवानगी घ्यावी लागते. ती मी याद्वारे मागत आहे. कारण: शिडीवर चढून दिवा बदलणं आता मला जमत नाही, आणि संध्याकाळी घर फार शांत असतं. नियोजित पोटभाडेकरू: श्रीमती विशाखा मेश्राम. व्यवसाय: घरमालकीण."

दादा, इथे तुम्ही ओरडाल, म्हणून मी जरा थांबते.

वकील आधी म्हणाला, असं होतच नाही. मग कपाटातली पुस्तकं काढून तासभर पाहत बसला आणि म्हणाला, असं होत नाही हे कुठे लिहिलेलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता. मी नोटीस मागे घेतली आणि मालकीण या नात्याने परवानगी दिली. मला वाटलं, झालं. कसचं काय! दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पोटभाडेकरू या नात्याने मुलाखतीला बोलावलं. पेन्शनचा कागद मागितला. कोणाचं देणं थकलेलं नाही याचा दाखला मागितला. आधीच्या घरमालकाचं पत्र मागितलं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं: "शांत, वक्तशीर, शनिवारी फोडणीचा वास जिन्यात येतो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तशी मी एखाद्या नोकरदार तरुणीच्या विचारात होते," त्या म्हणाल्या, "पण बघू." मी त्रेसष्ट वर्षांची, पीएचडी माणसाची विधवा, सल्लागार समितीची सभासद, माझ्याच घरात मला ठेवून घेतील की नाही या धास्तीने हात मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी घेतलं. अटी अशा: फोडणी खिडकी उघडून. जिना झाडायचा आठवडा आळीपाळीने. एकमेकींच्या खोलीत न विचारता जायचं नाही. आणि आगगाडी हलवायची नाही. त्यामुळे माझा पलंग स्टेशन आणि डोंगर यांच्या मधल्या जागेत आहे. उशाशी बोगदा. पहिल्या रात्री त्या नखाएवढ्या माणसांकडे पाहत पडले होते. इतकी वर्षं झाली, ती फलाटावरच आहेत, त्यांच्या हातातलं सामान कोणी खाली ठेवू दिलेलं नाही.

दीपाला कळलं तेव्हा तिने फोनवरच हिशोब मांडला. मग म्हणाली, "म्हणजे आई, तू तिला भाडं देतेस, ती तुला भाडं देते, आणि हप्ता बँकेला तूच?" हो. "ओमा, दास इस्ट डोख आबझुर्द," मागून तनय म्हणाला. आजी, हे तर काहीच्या काहीच आहे. त्याला मराठी सगळं कळतं, बोलायला मात्र त्याला नेमकी अशीच वाक्यं जर्मनमध्ये सुचतात.

फार आनंदात आहे असं समजू नका. दिवस अंधारे आहेत. फ्राऊ ओबरले कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा मरणाबद्दल, इतक्या सहज की जणू पुढच्या आठवड्यातला डॉक्टरचा टेर्मिन. अंत्यसंस्कार करणाऱ्याला त्यांनी पैसे देऊन ठेवले आहेत, गाणंही ठरवलं आहे. एकदा त्यांनी मला विचारलं, तुमचं काय ठरलंय? मी म्हटलं, मला वाटतं, नागपूर. त्यांनी विचार केला. "तिथे लिफ्ट आहे?" असं विचारलं. पण रोज सकाळी सातला त्या रेडिओ मोठा करून व्यायाम करतात, हात वर, हात खाली, आणि माझ्या खोलीतल्या सिग्नलचे खांब थरथरतात. तो रेडिओ ऐकला की कळतं, या बाईचा घर सोडण्याचा मुळीच विचार नाही. मी पडल्या पडल्या तुमचं ते अर्धं वाक्य आठवते आणि मला लाज वाटते. मग चहा ठेवते, दोघींचा.

वहिनींना, मुलांना आशीर्वाद आणि नमस्कार ज्याचे त्याला. माझी काळजी करू नये. तुमच्या सिद्धांतातलं वाट पाहणं मी अजून करते आहे. कशाची, ते आता नीट सांगता येणार नाही.

तुमची,
विशू

ता. क. : खरं तर मला एवढंच लिहायचं होतं, वरचं सगळं त्यासाठीच. गजभिये मास्तरांना घर खाली करायला सांगू नका. मी येत नाही. आले तर पाहुणी म्हणून येईन, खाली तुमच्याकडे. गयावहिनींनी मला सांगितलं (त्यांना रागावू नका) की मास्तरांनी चित्रांच्या गुंडाळ्या बांधायला घेतल्यात आणि मास्तरीणबाईंना धड दिसत नसल्यामुळे त्या अजून जुन्या जागी हात घालून भांडी शोधतात. मालक म्हणजे मालक हे खरं, दादा. पण गच्चीवर झोपायला गेलेला मुलगाही तुम्हीच होतात, आणि तेव्हा ती खाट तुमचीच होती.

ता. क. २ : विनंती करण्याचा आव आणला, पण मास्तरांना मी कालच फोन केला आणि गुंडाळ्या सोडायला सांगितल्या. त्यांनी शाळेतल्यासारखं विचारलं, "पण बाई, तुम्ही राहणार कुठे?" मी म्हटलं, मला चांगली घरमालकीण मिळाली आहे. तेव्हा तुम्ही फक्त इतकं करा, ते जिन्यात भेटले की वर्तमानपत्रातून मान वर काढा.

ता. क. ३ : तुम्ही दोघं उन्हाळ्यात जरूर या. सहा आठवड्यांहून जास्त राहणार असाल तर घरमालकिणीची परवानगी लागते. मी विचार करून कळवीन.

ता. क. ४ : पत्र काल लिहून ठेवलं होतं, आज पाकीट बंद करणार, तोच हे वाढवावं लागतंय. सकाळी रेडिओ वाजला नाही. सात झाले, साडेसात झाले. सिग्नलचे खांब आपले स्तब्ध. मी हातातलं पत्र आणि पेन तसंच घेऊन फ्राऊ ओबरलेंच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. अट अशी की न विचारता आत जायचं नाही. मालकीण म्हणून नाही, पोटभाडेकरू म्हणूनही नाही. दादा, जी गोष्ट व्हावी म्हणून मी कर्ज काढलं होतं, ती झाली असेल या भीतीने मी दाराला कान लावला. शेवटी दार ठोठावलं. काही नाही. पुन्हा ठोठावलं. बऱ्याच वेळाने आतून झोपेने जड झालेला, चिडका आवाज आला, "हाबेन झी आइनेन टेर्मिन?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. आता गुडघ्यामुळे उठता येत नाही. त्या मला उठवायला येताहेत, काठीचा आवाज ऐकू येतोय. पत्र इथेच जमिनीवर बसून पुरं करते.